गोराईचं पाणी कोण वाचतंय

श्रद्धांजली

(हा मजकूर दुरुस्तीसाठी बाजूला ठेवला आहे.)

चौकटीत एवढंच उरलं होतं. आदल्या संध्याकाळपर्यंत त्याच चौकटीत सहदेव चिंदरकर होते. अपूर्वानं स्वतः लिहिलेला मृत्युलेख होता, चार परिच्छेदांचा, खाली जेट्टीवरचा पाठमोरा फोटो. सकाळी गोरेगावच्या घरी तिनं चहाचा कप हातात घेऊन पान उघडलं, तर फोटोसकट सगळं गायब.

‘उधाण’ हे भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारं सॉफ्टवेअर. फुकट, आणि आतून सगळ्यांना उघडं. ज्याला वाटेल त्यानं त्यात हात घालावा, सुधारावं. खाडीत कालवं काढणाऱ्या बायका ते बघत, होड्यांवरची माणसं बघत, खाडीला लागून ज्यांची घरं होती ती माणसं तर बघतच. ते चालायचं माणसांच्या डोळ्यांवर. ठिकठिकाणच्या धक्क्यांवर कोणीतरी रोज उभं राहून पाणी कुठवर आलं ते कळवायचं, दुसरं कोणीतरी घरबसल्या ती नोंद शेजारच्या धक्क्यांशी ताडून ‘बरोबर’ अशी टिक द्यायचं, आणि त्यावरून उद्याचा अंदाज सुधारायचा. या मंडळींच्या बातम्या, मेळावे, नवे सभासद, गेलेले सभासद, असं सगळं महिन्याच्या बातमीपत्रात येई. ते बातमीपत्र अपूर्वाचं. पोटासाठी ती मालिकांची उपशीर्षकं लिहायची आणि जीव यात घालायची.

मजकूर बाजूला ठेवण्याची सोय कुठल्याही जुन्या सभासदाला होती. चूक दिसली की एक बटण दाबायचं. संपादक पुन्हा बघेपर्यंत मजकूर झाकलेला राहणार. बटण कोणी दाबलं ते मात्र कोणालाच दिसत नसे. पूर्वी यावरून भांडणं फार झाली होती, म्हणून सगळ्यांनी मिळून तसं ठरवलं होतं.

पण मेलेल्या माणसाच्या लेखात कोणाला काय खुपलं असेल?

ती विचार करत होती तेवढ्यात पानाच्या कडेला ताजी नोंद सरकत वर आली.

*गोराई. पाणी आठव्या खुणेच्या वर. वारा मंद. निरीक्षक: सहदेव चिंदरकर.*

खाली लगेच हिरवी टिक.

ज्ञात अडचणी

“मला माहीत होतं,” निहार म्हणाला.

घाटकोपरच्या त्याच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि एकीवर वायरींचं भेंडोळं होतं. उधाणची मूळ आज्ञावली त्याची. त्यानं भेंडोळं उचललं नाही, म्हणून अपूर्वा उभीच राहिली.

“काय माहीत होतं?”

“ते गेल्यावरही नोंदी येतायत ते. मधे थोडे दिवस खंड पडला, मग परत सुरू.”

“आणि तू गप्प बसलास.”

“अगं, गोराईची नोंद म्हणजे आपला कणा आहे. इतकी सलग नोंद दुसऱ्या कुठल्या धक्क्याची नाही. मेळाव्याला पैसे देणाऱ्या एका संस्थेची माणसं येतायत, ती नोंद बघायला. त्यांना काय सांगू, माणूस वारलाय आणि पाणी मोजतोय?”

“मग लेखही तूच झाकलास.”

“नाही गं.”

“आकडेही तूच बनवतोयस.”

निहार हसला, पण त्या हसण्यात काही नव्हतं. “बनवायचे असते तर अंदाजाला धरून बनवले असते ना. हे बघ.” त्यानं पडदा तिच्याकडे फिरवला. “सोमवारी दुपारी अचानक वारा फिरला, पाणी अंदाजापेक्षा वर चढलं. वसईच्या धक्क्यावर चढलं, वेसाव्याला चढलं. गोराईच्या नोंदीतही चढलंय. आदल्या रात्री हे कोणाला कळलं असतं? जो कोणी आहे ना, तो तिथं उभा राहून बघतोय.”

अपूर्वानं त्या वेड्यावाकड्या रेघेकडे पाहिलं. सहदेवकाका असतानाची रेघ आणि नंतरची रेघ. वळणं तीच होती. फक्त नंतरची किंचित वर बसली होती.

“हे असं का?”

“तेच कळत नाही. रोज थोडं जास्त. अर्धी खूण म्हण. खांब खचला तरच असं होईल, पण खांब एका दिवसात कसा खचेल? आणि तोही नेमका काका गेल्यावर?”

कार्यक्रम

*वार्षिक मेळावा, मुलुंड. ज्येष्ठ निरीक्षक सहदेव चिंदरकर यांचा सत्कार. संयोजन: गंधाली.*

ही बातमी मागच्या महिन्याची. ती कोणी झाकली नव्हती.

“काका गेल्याचं मीच सांगितलं ना तुला,” गंधाली फोनवर म्हणाली. “सत्काराचं आमंत्रण द्यायला जेट्टीवर गेले, तर तिथला तिकिटवाला म्हणाला, गेले ते. हातातलं पाकीट तसंच परत आणलं बघ. मी कशाला झाकू तुझा लेख? मी तर शाल त्यांच्या बायकोला द्यायची म्हणत होते.”

“घरचं कोणी नोंदी टाकत असेल?”

“वेडी आहेस का? दहावं-बारावंसुद्धा झालं नव्हतं तेव्हापासून नोंदी चालू आहेत, तूच म्हणतेस. कोकणातली माणसं ती. सुतकात घरातली बाई खाडीवर जाऊन उभी राहील? कोणीतरी बाहेरचा आहे. त्यांचा फोन ढापलाय कोणीतरी, ऐक माझं. नाव बंद करून टाक त्यांचं आणि त्या सगळ्या नोंदी पुसून टाक. खोट्या नोंदी ठेवून उद्या एखादी होडी चिखलात रुतली तर?”

ते खरं होतं. ‘उधाण’चा पहिला नियमच तो: ज्यानं पाणी पाहिलं त्याचंच नाव. मेळाव्याआधी बातमीपत्र निघायचं होतं. तोवर काही कळलं नाही, तर अपूर्वाला लेख परत लावावा लागणार होता आणि सहदेव चिंदरकरांच्या नावाच्या पुढे लिहावं लागणार होतं: *गैरवापर. बंद.*

ज्या माणसानं आयुष्यभर एक आकडा इकडचा तिकडे केला नाही, त्याच्या नावापुढे.

नवे चेहरे

बोरीवली पश्चिमेच्या टोकाला, जिथून पलीकडे गोराई गावाला होड्या जातात, तिथे तिकिटाच्या खिडकीत जयवंत बसला होता. ओहोटी होती. खारफुटीच्या मुळांखाली चिखल चकाकत होता. अपूर्वा धक्क्याच्या कडेशी जाऊन खांबावरच्या खुणा बघत राहिली. पांढऱ्या, नीट आखलेल्या खुणा. मागच्या वर्षी तिथल्या गणपती मंडळाच्या पोरांनी रंगवून दिलेल्या, असं बाजूला लिहिलं होतं. खालच्या दोन-तीन ठिकाणी पोपडे निघाले होते आणि आतून जुना निळा रंग डोकावत होता.

“खयसून इलस गो?” जयवंतानं विचारलं.

“गोरेगावहून. सहदेवकाकांच्या जागी पाणी कोण बघतं आता?”

“माका काय म्हायत नाय.”

“रोज कोणीतरी येतं.”

“इथे हजार माणसा येतत. फोटो काढूचो आसा तर काढ आणि जा.”

एवढं बोलून त्यानं खिडकीची फळीच ओढली. सुट्ट्या पैशांसाठी हात पुढे करून उभी असलेली बाई म्हणाली, “अरे जयवंता, भरतीला बघ तुझी बहीण येईल, तिच्याकडून घेते मी.”



अपूर्वा त्या बाईकडे वळली. “बहीण कोण?”

“नलिनी. सहदेवाची बायको.”

पाणी

भरती यायला दुपार झाली. नलिनी आली ती डोक्यावरून पदर घेऊन, चपला हातात घेऊन. कुणाकडे न बघता धक्क्याच्या कडेला बसली. अपूर्वा लांबून बघत होती. पाणी खुणांवर चढत गेलं, थबकलं. बाईनं ब्लाउजमधून फोन काढला, एकेका बोटानं काहीतरी दाबलं आणि तशीच बसून राहिली. काम झालं होतं, तरी उठली नाही. बऱ्याच वेळानं फोनकडे बघून मान हलवली आणि चपला उचलल्या.

घर जवळच होतं, एका सोसायटीच्या मागच्या इमारतीत, तळमजल्याला. अपूर्वानं आपलं नाव सांगितलं तेव्हा नलिनीनं दार पूर्ण उघडलं.

“ये गो. बातम्या लिहितेस ती ना तू? हे वाचून दाखवायचे.”

खोलीत एक लोखंडी कपाट होतं, निळं, जुन्या धाटणीचं. वरच्या काचेआड शिंपल्यांनी भरलेली बरणी. चहा आला तो काठोकाठ, बशीत सांडलेला. शेजारची बाई वाटीभर रवा मागायला आली. नलिनीनं वाटी डब्यात खुपसली आणि शीग लावून, काठाच्या वर ढीग करूनच बाहेर काढली. शेजारीण म्हणाली, “अहो, एवढा नको.”

“सपाट माप मला जमत नाही,” नलिनी म्हणाली. शेजारीण गेल्यावर अपूर्वाला म्हणाली, “यावरून ह्यांचं आणि माझं आयुष्यभर भांडण. पाणीखात्यात मीटर वाचायचे ना. रेघेवर थांब, म्हणायचे, रेघेवर. मी म्हणायची, देताना कोण रेघ बघतं?”

अपूर्वानं कप खाली ठेवला. अर्धी खूण. खांब खचला नव्हता. कपाकडे बघत तिनं विचारलं, “काकी, तुम्ही का टाकता नोंदी?”

नलिनीनं पदर सावरला. नाकारलं नाही.

“अक्षतासाठी. लेक माझी. मुलुंडला असते. आम्हाला न सांगता कोर्टात लग्न केलं तिनं, त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं बंद. हे मरेपर्यंत बोलले नाहीत. पण ती रोज ह्यांचा आकडा बघते. मला फोन करते आणि नुसतं म्हणते, ‘आज पाणी बरंच होतं ना गं.’ म्हणजे मी समजायचं, बाबा ठीक आहेत ना, असं विचारतेय.”

“आणि आता?”

“आता ती गरोदर आहे. आधीची दोन राहिली नाहीत. डॉक्टरांनी खाटेवरून उतरायला बंदी केलीय, जरासुद्धा धक्का नको म्हणाले. त्यातच हे गेले. नातेवाइकांना हात जोडले, कोणी तिला सांगू नका. पहिले थोडे दिवस नोंद गेली नाही तर लगेच फोन. म्हटलं, फोन पडला गं पाण्यात, दुरुस्तीला दिलाय.” ती थांबली. “सुतकात बाहेर पडलीस म्हणून जयवंत ओरडला. म्हटलं, लोकांच्या घरी पोटुशी लेक नाही खाटेवर. ह्यांनी फोनवर कसं करायचं ते शिकवलं होतं एकदा, गुडघे दुखायचे तेव्हा. तेवढंच येतं मला.”

“नोंद टाकल्यावर तुम्ही बसून राहिलात.”

“ते बसायचे ना. ती हिरवी खूण येते, कोणी शिंपली म्हणून आहे ती देते. ती आली की म्हणायचे, ‘बघितलं,’ आणि मग घरी. पाऊस असो, ऊन असो, ती खूण येईपर्यंत हलायचे नाहीत. मीही नाही हलत.”

अपूर्वा उठली.  दारापर्यंत येऊन नलिनीनं तिचा हात धरला.

“ते ह्यांच्यावर लिहिलेलं तू काढून टाकलंस. जयवंतानं दाखवलं होतं मला. अक्षतानं बघितलं असतं तर? फार उपकार केलेस पोरी.”

“काकी,” अपूर्वा म्हणाली, “मी नाही काढलं.”

पडताळणी

घरी येऊन तिनं सगळं पुन्हा मांडलं. कागदावर नाही, पलंगावर आडवी पडून, डोळ्यांवर हात घेऊन.

नोंदी नलिनीच्या. तो भाग सुटला. पण लेख नलिनीनं झाकला नाही. तिला नोंद टाकण्यापलीकडे काही येत नव्हतं, आणि ती तर आपले आभार मानत होती. जयवंत सभासदच नाही. निहारला लेख झाकून फायदा होता, पण मग त्यानं चढ्या रेघेचं कोडं आपल्याला स्वतःहून दाखवलं नसतं. गंधालीला तर लेख लावूनच हवा होता.

लेख दिसला तर इजा कोणाला होणार होती? अक्षताला. मग तिच्यासाठी कोणी झाकला?

तिनं लेखाचा इतिहास उघडला. झाकणाऱ्याचं नाव दिसत नसलं तरी दुरुस्त्या करणाऱ्याचं दिसतं. झाकण्याच्या थोडं आधी एक दुरुस्ती झाली होती. अपूर्वानं ती तेव्हाच पाहिली होती आणि सोडून दिली होती. या मंडळींची सवयच ती. चूक दिसली की हात शिवशिवतात, घरात आग लागली तरी स्वल्पविराम नीट करून मग पळतील.

तिनं लिहिलं होतं: *निवृत्तीनंतर त्यांनी खांबावर पांढऱ्या खुणा रंगवल्या.*

दुरुस्ती अशी होती: *निवृत्तीच्या खूप आधी, मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी, त्यांनी खांबावर खुणा रंगवल्या. त्या निळ्या होत्या. घरच्या कपाटाचा रंग उरला होता.*

दुरुस्ती करणारी: शिंपली.

अपूर्वा उठून बसली. उधाणच्या लोकांनी निळ्या खुणा पाहिलेल्याच नव्हत्या. कपाट तर कोणीच पाहिलं नव्हतं.

आणि मग तिला दुसरी गोष्ट दिसली. शिंपलीनं मृत्युलेख वाचला. त्यातली चूक सुधारली. सहदेव चिंदरकर वारलेत हे तिला कळलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहदेव चिंदरकरांच्या नावानं नोंद आली, तेव्हा तिनं तिच्यापुढे टिक दिली: बरोबर.

तिनं शिंपलीला एकच ओळ पाठवली. *कपाट अजून निळंच आहे.*

उत्तर म्हणून मुलुंडचा पत्ता आला.

दुरुस्त्या

अक्षता कुशीवर झोपली होती. पायांखाली दोन उशा. पोट मोठं, चेहरा लहान झालेला. नवरा कामावर गेला होता; पाण्याचा तांब्या, औषधं, फोन, सगळं हाताशी ठेवून.

“बस ना,” ती म्हणाली. “मला उठता येत नाही, राग मानू नकोस.”

“तुला कधी कळलं?”

“आकडा परत यायला लागला तेव्हाच.” तिनं भिंतीकडे बघत सांगितलं. “मधे नोंद बंद होती. आई म्हणाली, फोन पाण्यात पडला. बाबा फोन पाण्यात पाडणाऱ्यांतले नाहीत. मग आकडा आला तो वरचा. दुसऱ्या दिवशीही वरचा. मी म्हटलं, ही तर आईची वाटी आहे. आई पाण्यालासुद्धा शीग लावतेय.” ती हसायला गेली, ते जमलं नाही. “आई तिथे उभी आहे म्हणजे बाबा उभे राहू शकत नाहीत. आजारी असते तर तिनं सांगितलं असतं. तिला सांगता येत नाही, म्हणजे काय ते कळलंच.”

“मग लेख का झाकलास? तू तर वाचला होतास.”

“माझ्यासाठी नाही झाकला. आईसाठी. लेख तसाच राहिला असता तर आईनं धरलं असतं की मी बघितला. मग तिनं जेट्टीवर जाणं बंद केलं असतं.” अक्षतानं पोटावर हात ठेवला. “ती घरात एकटी काय करेल सांग. सगळे येतात, रडतात, जातात. मला वाचवायचं म्हणून ती रोज चपला घालते, बाहेर पडते, पाणी बघते. मी फोन करते, म्हणते, आज पाणी बरंच होतं. तिचा आवाज जरा सुटतो. तेवढ्यासाठी.”

“आणि तू? तू कोणाजवळ रडतेस?”

“रडायचं नाही सांगितलंय. पोट आवळतं.”

खालून भाजीवाला ओरडत गेला. अपूर्वाला नियम आठवला: ज्यानं पाणी पाहिलं त्याचंच नाव. तिनं तो उच्चारला नाही.

“बाळ होईपर्यंत राहू दे,” अक्षता म्हणाली. “मग मी स्वतः सांगेन आईला. मग लाव लेख. तुझी ती ओळ बरोबर करून.”

“राहू दे,” अपूर्वा म्हणाली. “मेळाव्यात निहारला मी सांभाळते.”

थोड्या वेळानं अक्षतानं विचारलं, अगदी हळू, जणू प्रश्न दुसऱ्या कोणाचा आहे. “शिंपली कोण ते बाबांना माहीत होतं का, असं नेहमी वाटतं मला. रोज मी टिक द्यायची. बाकी काही नाही. त्यांना वाटलं असेल, असेल कोणीतरी.”

अपूर्वानं खुर्ची पलंगाजवळ ओढली.

“नोंद टाकल्यावर काका घरी जायचे नाहीत. काकींनी सांगितलं मला. तुझी टिक येईपर्यंत धक्क्यावर बसून राहायचे. पावसातसुद्धा. टिक आली की ‘बघितलं’ म्हणायचे आणि उठायचे. कपाटात वर, काचेआड, शिंपल्यांची बरणी आहे.”

“ती खालच्या कप्प्यात असायची,” अक्षता म्हणाली. “मी गोराईहून वेचून आणायची. आई म्हणायची, फेक तो कचरा.”

“आता वर आहे. दारातून आलं की समोर दिसते.”

अक्षतानं उशीत तोंड खुपसलं. खांदे हलले नाहीत, आवाज आला नाही. श्वास मोजत, पोट सांभाळत, ती जेवढं रडता येतं तेवढं रडली. अपूर्वा तिच्या पाठीवर हात ठेवून बसली.

फोन वाजला.

*गोराई. पाणी नवव्या खुणेच्या वर. वारा नाही. निरीक्षक: सहदेव चिंदरकर.*

“नवव्याला लागलं असेल नुसतं,” अक्षता म्हणाली. डोळे पुसले, अंगठा उचलला. “थांब, आधी हे करू दे. ती उन्हात बसली असेल.”

बातमीपत्र, दोन महिन्यांनंतर

*श्रद्धांजली.* सहदेव चिंदरकर, गोराई. मजकूर दुरुस्तीनंतर पुन्हा प्रसिद्ध करत आहोत. खुणा निळ्या होत्या.

*नवे चेहरे.* मुलुंडहून शिंपली कळवते: मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

*ज्ञात अडचणी.* सहदेव चिंदरकर यांच्या निधनानंतर त्यांच्या नावावर आलेल्या गोराईच्या सर्व नोंदी आता नलिनी चिंदरकर यांच्या नावावर घेतल्या आहेत. नोंदी खऱ्या आहेत. त्यांचं माप थोडं चढं आहे; वापरणाऱ्यांनी ते ध्यानात घ्यावं. पुसू नये.